भुसावळच्या उन्हात चामड्याचं जॅकेट

थरारकादंबरीचा नायक मे महिन्यातल्या भर दुपारी, अंगात चामड्याचं जॅकेट घालून, भुसावळ स्टेशनापासून खलनायकामागे तीन किलोमीटर पळत सुटतो. मुंबईचा वाचक पान उलटतो, जळगावचा हसतो. पारा 45 अंशांवर गेला की हवाच अंगापेक्षा जास्त तापलेली असते. शरीर थंड ठेवायला घाम वाळणं एवढाच मार्ग उरतो, आणि जॅकेट नेमकं त्याच्याच आड येतं. या नायकाला गोळी घालायची गरज नाही, उष्माघात पुरेल.

गंमत अशी, की हाच जळगावकर पुढच्या पानावर क्लोरोफॉर्मचा रुमाल नाकाशी लागताच कोसळलेला पहारेकरी मुकाट गिळतो. खरं तर क्लोरोफॉर्मने शुद्ध हरपायला काही मिनिटं लागतात. तेवढ्यात पहारेकरी आरडाओरडा करून गल्ली गोळा करेल. सायलेन्सरचंही तसंच. पिस्तुलाचा बार साधारण 160 डेसिबलचा, सायलेन्सर त्यातले 20 ते 35 कमी करतो. उरतो तो आवाजही कानठळ्या बसवणाराच.

ऊन आपण सोसलेलं असतं, क्लोरोफॉर्म कुणी हुंगलेला नसतो. भुसावळहून नागपूरकडे निघालेली गाडी लेखकाने खंडव्यावरून नेली, तर रेल्वेच्या त्या गावात पुस्तक तिथेच मिटेल. एरवी चूक खपते, आणि ती खपवण्याचं बरंचसं काम गोष्टीत रंगून जाणं करतं. मेलनी ग्रीन आणि टिमोथी ब्रॉक या मानसशास्त्रज्ञांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत वाचकांना गोष्टीतल्या खोट्या वाटणाऱ्या जागांना गोल करायला सांगितलं होतं. जो जास्त रंगला, त्याने कमी गोल केले. वेगवान कादंबरी वाचकाला गोल करायला उसंतच देत नाही, असं मला वाटतं.

मग सगळी जादू ‘पुढे काय’ची का? तेही पुरतं खरं नाही. वाचनालयातल्या रहस्यकथेत आधीच्या कुणी आगाऊ वाचकाने खुन्याच्या नावाखाली पेन्सिलीने रेघ मारून ठेवलेली सापडते, आणि आपण चरफडतो. पण लेविट आणि ख्रिस्टनफेल्ड यांच्या 2011 सालच्या प्रयोगात शेवट आधीच सांगितलेल्या कथा, त्यात रहस्यकथाही आल्या, वाचकांना सरासरीने थोड्या जास्तच आवडल्या. शेवटाची चिंता मिटली की लेखकाने वाटेत पेरलेले धागेदोरे दिसू लागतात, असा एक अंदाज आहे.