माळ पेटवल्यानं गवत वाढत नाही, कुसळ वाढतं

फेब्रुवारी-मार्च आला की सह्याद्रीच्या डोंगरांवर रात्री वणव्याच्या माळा दिसू लागतात. काही वणवे निष्काळजीपणाचे, पण बरेच मुद्दाम लावलेले. ‘डोंगर जाळला की पावसाळ्यात गवत जोमानं येतं’ ही समजूत त्यामागे असते.

जळालेल्या माळावरचं गवत जास्त हिरवं दिसतं हे खरं. पण वाळलेल्या काड्या नाहीशा झाल्यानं कोवळे कोंब उठून दिसतात, एवढंच. राखेमुळे खत मिळतं म्हणावं, तर गवतातलं बरंचसं नत्र धुरासोबत उडून जातं. उरलेली राख उतारावरून पहिल्याच वळवात ओढ्याला लागते, आणि उघडी पडलेली मातीही तिच्यामागून जाते.

खरी गंमत कुसळीची, म्हणजे टोकदार बियांच्या (कुसळांच्या) गवताची. तिच्या बियांना पीळदार शेपूट असतं. दमट हवेत ते उलगडतं, कोरड्या हवेत पुन्हा पिळतं आणि बी गिरमिटासारखं मातीत शिरतं. वरून आग गेली तरी ते सुखरूप! म्हणजे दरवर्षी जाळून आपण ज्याला गुरं पुढे तोंड लावत नाहीत, त्याच गवताला जागा करून देतो. पवन्या, मारवेल ही चाऱ्याची चांगली गवतं मात्र मागे पडतात.

चारा हवा असेल तर गवत फुलोऱ्यात असतानाच कापावं. तेव्हा त्यात कसही असतो आणि कुसळाचं बी पडायच्या आत निघून जातं. वनखातं मुद्दाम जाळून मोकळे पट्टे करतं, त्या जाळरेषा वेगळ्या. त्या आग अडवायला आखलेल्या असतात. राखीव जंगलात आग लावणं तर १९२७ च्या वन कायद्यानुसार गुन्हाच आहे.