हेमंत-शिशिर ऋतुचर्या

थंडीच्या चार महिन्यांत शरीराचे बल टिकावे व आजार टळावेत म्हणून आयुर्वेदाने सांगितलेला आहारविहाराचा क्रम. मार्गशीर्ष व पौष हे हेमंताचे, तर माघ व फाल्गुन हे शिशिराचे महिने मानले जातात. दिवाळीचे अभ्यंगस्नान, भोगीची भाकरी, संक्रांतीचा तिळगूळ, डिंकाचे लाडू या महाराष्ट्रातील चालींशी या ऋतुचर्येचा संबंध जोडण्याची प्रथा आहे. हा संबंध पूर्णपणे नाकारण्याजोगा नाही. मात्र मूळ वचने बऱ्याच अधिक कडाक्याच्या थंडीसाठी लिहिलेली दिसतात.

या विषयाची मुख्य आधारस्थाने तीन : चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील (पहिल्या विभागातील) सहावा अध्याय (तस्याशितीय), सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सहावा अध्याय आणि वाग्भटाच्या अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील तिसरा अध्याय. चरकसंहितेचा काळ सामान्यतः इ. स. च्या पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या आसपास धरतात. कनिष्काच्या पदरी असलेला वैद्य चरक हाच या संहितेचा प्रतिसंस्कर्ता (जुना ग्रंथ सुधारून नव्याने मांडणारा), हे मत चिनी बौद्ध परंपरेतील उल्लेखावर उभे आहे. नामसाम्यापलीकडे त्याला भक्कम आधार नाही. पुढे दृढबल या वैद्याने संहितेचा जो भाग पुरा केला, तो चिकित्सास्थानातील काही अध्याय व त्यानंतरची स्थाने एवढाच असल्याने, ऋतुचर्येचा अध्याय जुन्या थरातला मानण्यास हरकत नाही. वाग्भट बहुधा इ. स. च्या सहाव्या-सातव्या शतकातला. अष्टांगसंग्रह व अष्टांगहृदय यांचा कर्ता एकच की दोन, हा वाद संपलेला नाही. संग्रहाचा कर्ता मात्र आपला जन्म सिंधू देशात झाल्याचे स्वतःच सांगतो. महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकात अष्टांगहृदयावर आयुर्वेदरसायन ही टीका लिहिली. अरुणदत्ताच्या सर्वांगसुंदरा टीकेसह ती मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने प्रसिद्ध केली. कुंटे, नवरे व पराडकर यांच्या परिश्रमांतून सिद्ध झालेली ही आवृत्ती आजही अभ्यासकांच्या हाती असते.

ऋतू नेमके कोणते, याविषयी ग्रंथांतच दोन मांडण्या आहेत. वाग्भट माघापासून दोन-दोन महिन्यांचे शिशिर, वसंत, ग्रीष्म, वर्षा, शरद व हेमंत असे सहा ऋतू मोजतो. सुश्रुत ही गणना देतो आणि लगेच दुसरीही देतो; तीत शिशिर गळतो व आषाढ-श्रावणाचा प्रावृट् हा ऋतू येतो. हेमंत तेव्हा पौष-माघाचा होतो. टीकाकार कश्यपाच्या नावावर असलेले एक मत पुढे करून याचा मेळ घालतात : गंगेच्या दक्षिणेस पाऊस फार, म्हणून तेथे पावसाचे दोन ऋतू, उत्तरेस थंडी फार, म्हणून तेथे थंडीचे दोन. सुश्रुताचा स्वतःचा रोख वात, पित्त, कफ या दोषांच्या संचय-प्रकोपाकडे, म्हणजे साठण्या-बळावण्याकडे आहे, त्यामुळे हे भौगोलिक स्पष्टीकरण मागाहूनचे असावे. तरीही दख्खनच्या अनुभवाला तेच अधिक जवळचे आहे. आपल्याकडे पाऊस चार महिने मुक्काम ठोकतो, पण निफाड, महाबळेश्वर व विदर्भाचा काही भाग सोडल्यास बोचरी थंडी चार महिने टिकत नाही; कोकणात तर ती नावापुरतीच.

दुसरी अडचण पंचांगाची. ग्रंथांत शिशिराबरोबर उत्तरायण सुरू होते. सूर्य प्रत्यक्षात २१-२२ डिसेंबरला उत्तरेकडे वळतो, पण मकरसंक्रांत आपण १४-१५ जानेवारीला पाळतो. संपातचलनामुळे (पृथ्वीचा अक्ष अतिशय सावकाश दिशा बदलत असल्यामुळे) पडलेले हे सुमारे २४ दिवसांचे अंतर वाग्भटाच्या काळी जेमतेम पाच-सहा दिवसांचे होते. म्हणून ‘पौष लागला, आता अमुक खा’ असे महिन्याच्या नावावर बोट ठेवून सांगण्यापेक्षा अंगाला जाणवणारी थंडी प्रमाण मानणे बरे.

या ऋतुचर्येचा पाया जठराग्नीच्या, म्हणजे पचनशक्तीच्या, कल्पनेत आहे. बाहेरच्या थंडीने शरीराची उष्णता आत कोंडली जाते, अग्नी प्रखर होतो, आणि त्याला पुरेसे इंधन मिळाले नाही तर तो शरीरातील धातूच (रस, रक्त, मांस इत्यादी घटक) पचवू लागतो, असे ग्रंथ सांगतात. रात्री लांबल्यामुळे माणसाला सकाळीच भूक लागते, हे वाग्भटाचे निरीक्षण आजही पटते. पुण्यात डिसेंबरअखेरीस रात्र सुमारे १३ तासांची असते, श्रीनगरात १४ तासांची. म्हणून गोड, आंबट व खारट रस, गहू, उडीद, उसाचे व दुधाचे पदार्थ, नवे धान्य व तेल सांगितले आहे. मांसरस व गुळाचे मद्यही याच यादीत आहे. मराठी घरांत रूढ झालेल्या ऋतुचर्येतून ही दोन नावे बहुधा गळतात.

विहारात तेलाचे मर्दन, डोक्याला तेल, जाणकारांबरोबर कुस्ती, बेताचे ऊन, शौचासाठी कोमट पाणी, उबदार पण हलकी पांघरुणे आणि कायम पादत्राणे सांगितली आहेत. निखाऱ्यांनी तापवलेल्या तळघरात राहावे, असेही वचन आहे. ते आज शब्दशः पाळणे जिवावर बेतू शकते. दारे-खिडक्या लावलेल्या खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपल्यास कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, आणि झोपलेल्याला जाग येईलच असे नाही. तान्ह्या बाळाला तेल चोळण्याची चाल चांगली आहे, पण न्हाऊ घालताना त्याच्या नाकात तेल सोडू नये. ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो.

महाराष्ट्रातील खाद्यपरंपरेत तीळ, बाजरी व गूळ हे त्रिकूट प्रमुख आहे. भोगीला, म्हणजे संक्रांतीच्या आदल्या दिवशी, थापलेल्या बाजरीच्या भाकरीवर ओल्या हाताने तीळ दाबतात. तवा नीट तापलेला नसेल तर ते उलटताना गळून पडतात. सोबत पावटा, हरभऱ्याचे घाटे, गाजर, वांगी यांची मिसळीची भाजी आणि लोणी. लाडवांसाठी धावड्याचा डिंक पसंत करतात. त्याचे खडे तुपात थोडे थोडे तळावे लागतात. फुलून पांढरा झालेला खडा बोटांनी चुरडला की भुगा होतो, पण गाभा कच्चा राहिला तर तो दाताला चिकटतो. अळिवात लोह भरपूर असल्याने बाळंतिणीसाठी त्याचे लाडू करतात; अळीव नारळाच्या पाण्यात भिजवून ओले खोबरे व गूळ घालतात. आवळा याच दिवसांत बाजारात येतो. च्यवनप्राशाचा पाठ चरकाच्या रसायनाध्यायात आहे. त्यातील साखरेचे प्रमाण पाहता मधुमेहींनी तो वैद्याला विचारूनच घ्यावा.

संसर्गाचा विचार ऋतुचर्येच्या अध्यायांत जवळजवळ नाही. तो सुश्रुताच्या निदानस्थानात, कुष्ठाच्या प्रकरणात सापडतो : अंगाला अंग लागणे, श्वास, एका ताटात जेवणे, एका अंथरुणात झोपणे, दुसऱ्याचे कपडे व माळा वापरणे यांतून ज्वर, शोष (क्षय), डोळे येणे इत्यादी रोग एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातात. हिवाळ्यातील सर्दी-पडशाला हे वचन तंतोतंत लागू पडते; ते ऋतुचर्येशेजारी ठेवून वाचले जात नाही, ही खेदाची बाब आहे. थंडी स्वतः विषाणू निर्माण करत नाही. बंद खिडक्या, दाटीवाटी व कोरडी हवा यांमुळे तो पसरतो. नाकातील थंडावा सर्दीच्या ऱ्हायनोव्हायरसला मानवतो. इन्फ्लुएंझाचा रुग्ण लक्षणे दिसण्याच्या साधारण एक दिवस आधीपासूनच इतरांना लागण देऊ शकतो, त्यामुळे शिंकणाऱ्यापासून लांब राहणे पुरेसे नसते. साबणाने निदान २० सेकंद हात धुणे, खोलीत वारा खेळता ठेवणे, खोकला असताना मास्क लावणे व घरी थांबणे हे उपाय लाडवांइतकेच हिवाळ्याचे आहेत. विषाणूजन्य सर्दीवर प्रतिजैविके चालत नाहीत.

महाराष्ट्रात इन्फ्लुएंझाचा जोर मात्र बहुधा पावसाळ्यात असतो आणि वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत तो पुन्हा डोके वर काढतो. २००९ साली एच१एन१ च्या साथीत पुण्याला तडाखा बसला तो ऑगस्टमध्ये. म्हणून दरवर्षी घ्यावयाची लस आपल्याकडे पावसाळ्यापूर्वी, एप्रिल-मेच्या सुमारास घेणे अनेक तज्ज्ञांना सयुक्तिक वाटते. काश्मीरसारख्या प्रदेशात ती थंडीआधी घेणे योग्य ठरते. वृद्ध, गर्भवती, दमा, मधुमेह व हृदयविकाराचे रुग्ण यांना तिचा विशेष उपयोग आहे.

शिशिराची चर्या वाग्भट एका श्लोकात आटोपतो : हेमंताचेच सारे, पण थंडी व रुक्षता वाढलेली म्हणून अधिक काटेकोरपणे. या काळात साठलेला कफ वसंताच्या उन्हाने पातळ होऊन अग्नी मंद करतो, असे पुढे म्हटले आहे. त्यासाठी सरत्या ऋतूचा शेवटचा व येत्या ऋतूचा पहिला असे दोन आठवडे ऋतुसंधी मानून जुनी सवय हळूहळू सोडावी व नवी धरावी, असा नियम आहे. त्या हिशेबाने उडीद, नवे धान्य व तुपातले लाडू होळीनंतर लवकरच कमी होऊ लागतात, आणि त्यांच्या जागी जुने गहू, जव व मध येतात.