कागदावरची वास्तुकला

ज्या इमारती आराखड्यांत, चित्रांत किंवा प्रतिकृतींत पूर्ण झाल्या पण जमिनीवर कधी उभ्या राहिल्या नाहीत, त्यांना मिळून कागदावरची वास्तुकला म्हणतात. अनिर्मित वास्तुकला हेही नाव वापरात आहे. न झालेल्या कामांची भेंडोळी प्रत्येक वास्तुविशारदाच्या कपाटात असतातच. त्या सगळ्यांना हे नाव लावत नाहीत. इमारत कशी असू शकते याबद्दल ज्या रचनेत नवा विचार आहे आणि एकही वीट न रचता जो विचार पुढच्या पिढ्यांपर्यंत पोचला, तिच्यासाठीच हा शब्द राखून ठेवणे बरे. अशा रचनांची प्रदर्शने भरवणे, त्यांना पारितोषिके देणे, त्यांची चित्रे जपणे हा प्रघात मुख्यतः विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळला.

बांधकाम न होण्याची कारणे नेहमीचीच असतात. पैसा आटतो, राजवट बदलते, युद्ध पेटते, स्पर्धेत दुसऱ्याची निवड होते. कधी त्या काळचे बांधकाम साहित्य कल्पनेला पेलत नाही. काही रचना तर बांधण्यासाठी काढलेल्याच नसतात. जोव्हान्नी बात्तिस्ता पिरानेसी (१७२०–७८) या इटालियन कलावंताने १७५० च्या सुमारास काल्पनिक तुरुंगांची १४ कोरीव चित्रे प्रसिद्ध केली आणि १७६१ च्या आवृत्तीत ती १६ झाली. त्यांतले जिने आणि पूल कुठून निघतात आणि कुठे पोचतात याचा हिशेब आजही कोणाला लागत नाही.

न्यूटनचे स्मारक

या परंपरेतले सर्वांत प्रसिद्ध चित्र एत्येन-लुई बुले (१७२८–९९) या फ्रेंच वास्तुविशारदाचे आहे. आयझॅक न्यूटनच्या स्मरणार्थ त्याने १७८४ मध्ये एक प्रचंड पोकळ गोल कल्पिला. त्याचा व्यास सुमारे १५० मीटर. रोमच्या पँथेऑन या प्राचीन मंदिराचा घुमट ४३ मीटर व्यासाचा आहे आणि तो कित्येक शतके जगातला सर्वांत मोठा घुमट होता, हे लक्षात घेतले की बुले किती पुढचे मागत होता ते कळते. गिझाचा मोठा पिरॅमिडसुद्धा या गोलापेक्षा थोडा बुटका ठरला असता. गोलाभोवती सुरूच्या झाडांच्या वर्तुळाकार रांगा आहेत आणि पायथ्याशी माणसे काढली आहेत. ती इतकी बारीक की पहिल्या नजरेत दिसतच नाहीत. दिसली की मग मात्र इमारतीचा आकार एकदम अंगावर येतो.

खरी करामत छेदचित्रांत, म्हणजे इमारत उभी कापली तर आतून कशी दिसेल ते दाखवणाऱ्या चित्रांत आहे. बुलेने त्याच इमारतीची दोन छेदचित्रे शाईच्या छटांत रंगवली. एकात बाहेर दिवस आहे आणि आत रात्र: दगडी कवचाला पाडलेल्या भोकांतून ऊन आत येते आणि आतल्या काळोखात ती भोके तारे होतात. दुसऱ्यात बाहेर रात्र आहे आणि आत दिवस: गोलाच्या मध्यभागी टांगलेला, ग्रहांच्या कक्षा दाखवणारा दिवा सगळी पोकळी उजळून टाकतो. आत खांब नाहीत, भिंती नाहीत, सजावट नाही. तळाशी फक्त न्यूटनची समाधी. ज्याने गुरुत्वाकर्षणाचा नियम मांडला त्याला आकाश अर्पण करायचे, आणि तेही एका इमारतीच्या पोटात, ही कल्पना आजही थक्क करते. अठराव्या शतकातल्या दगडी बांधकामात एवढा गोल उभा राहणे शक्य नव्हते, आणि अनुभवी बुलेला ते ठाऊक नसेल असे मानायला जागा नाही.

ही चित्रे आपल्याला पाहायला मिळतात, कारण बुलेने आपली चित्रे राष्ट्राच्या ग्रंथालयाच्या स्वाधीन केली. त्यांच्यासोबतचा त्याचा वास्तुकलेवरचा निबंध छापला गेला तो १९५३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर १५४ वर्षांनी. त्याच्याच काळातला झाँ-झाक लक्यू (१७५७–१८२६) बरीच वर्षे सरकारी कचेऱ्यांत आरेखक म्हणून राबला. त्यानेही मृत्यूच्या आदल्या वर्षी आपली शेकडो चित्रे त्याच ग्रंथालयाला देऊन टाकली. बांधलेली इमारत मोडकळीला आली तरी निदान तिचा पाया सापडतो. न बांधलेल्या इमारतीचा कागद हरवला की काहीच उरत नाही. म्हणून या वास्तुकलेच्या इतिहासात चित्र काढणाऱ्याइतकेच ते सांभाळणाऱ्यालाही मोल आहे.

प्रतिकृती हरवते तेव्हा

व्लादिमिर तातलिन या रशियन कलावंताने १९१९–२० मध्ये रचलेला मनोरा हे याचे बोलके उदाहरण. तिसऱ्या आंतरराष्ट्रीय कम्युनिस्ट संघटनेसाठी पेत्रोग्राद (आजचे सेंट पीटर्सबर्ग) शहरात उभा करायचा हा मनोरा ४०० मीटर उंच, म्हणजे आयफेल मनोऱ्याच्याही वर जाणारा होता. एकात एक गुंफलेली दोन लोखंडी सर्पिले तिरप्या कण्याभोवती चढत जातात, आणि त्यांच्या पोटात काचेची दालने टांगलेली. सर्वांत खालचे दालन वर्षाला एक फेरी घेणार, त्यावरचे महिन्याला एक, त्यावरचे दिवसाला एक. यादवी युद्धाने पोखरलेल्या देशात एवढे लोखंड आणायचे कुठून? १९२० च्या नोव्हेंबरात लाकडी प्रतिकृती लोकांना दाखवली गेली आणि पुढे ती प्रतिकृतीही नाहीशी झाली. उरली थोडी छायाचित्रे आणि रेखाटने. त्यांच्याच आधारे स्टॉकहोमच्या आधुनिक कलासंग्रहालयाने १९६८ मध्ये ती नव्याने घडवली आणि त्यानंतर इतर देशांतही तिच्या आवृत्त्या निघाल्या. न बांधलेल्या इमारतीची हरवलेली प्रतिकृती पुन:पुन्हा घडवावीशी वाटते, यात त्या रचनेची ताकद दिसते.

इटालियन वास्तुविशारद आंतोनिओ सांत-एलिया (१८८८–१९१६) याची गोष्ट वेगळी. १९१४ मध्ये त्याने मिलानमध्ये ‘नवे शहर’ या नावाने चित्रे मांडली. त्यांत पायऱ्यापायऱ्यांनी मागे सरकत जाणारे उंच निवासी मनोरे होते, इमारतीच्या बाहेरून धावणाऱ्या लिफ्ट होत्या आणि रेल्वे नि रस्ते एकावर एक थरांत होते. दोन वर्षांनी पहिल्या महायुद्धात, २८ व्या वर्षी, तो मारला गेला. त्याच्या कोमो गावी युद्धात पडलेल्यांचे स्मारक बांधायचे ठरले, तेव्हा त्याच्याच एका रेखाटनाचा आधार घेतला गेला. जुझेप्पे तेर्रान्यी या वास्तुविशारदाच्या हातून ते १९३३ मध्ये पूर्ण झाले. त्या रेखाटनाला जमीन मिळाली ती ते काढणाऱ्याच्याच मृत्यूच्या निमित्ताने.

बांधले गेले नाही हे बरे झाले

या सगळ्याचे कौतुक डोळे मिटून करता येत नाही. ल कॉर्ब्युझिए या वास्तुविशारदाने १९२५ मध्ये पॅरिसच्या मध्यवस्तीसाठी मांडलेल्या योजनेत ६० मजल्यांचे १८ मनोरे होते आणि त्यांच्यासाठी सेन नदीच्या उजव्या काठावरच्या जुन्या वस्तीचा मोठा पट्टा सपाट करायचा होता. चित्रात ते मनोरे स्वच्छ, हवेशीर आणि सुंदर दिसतात. त्यांच्याखाली गाडली गेली असती ती घरे चित्रात नाहीत.

मॉस्कोत पाडापाड खरोखरच झाली. सोव्हिएत प्रासाद या नियोजित सरकारी इमारतीसाठी डिसेंबर १९३१ मध्ये ख्रिस्त तारणहाराचे कॅथीड्रल सुरुंग लावून पाडले. वास्तुविशारद बोरिस योफानच्या रचनेत इमारतीच्या माथ्यावर लेनिनचा अवाढव्य पुतळा होता आणि त्यासह उंची ४१५ मीटर होती. पाया घातला गेला, पोलादी सांगाडा वर येऊ लागला, आणि दुसऱ्या महायुद्धात तो उतरवून पोलाद युद्धाच्या कामी लावले. त्या जागी १९६० मध्ये उघड्यावरचा पोहण्याचा तलाव झाला आणि २००० साली तिथेच पुन्हा उभारलेले कॅथीड्रल भाविकांसाठी खुले झाले. कागदावरच्या इमारतीने खरी इमारत खाल्ली, असे हे उदाहरण आहे. अनिर्मित रचनांच्या प्रदर्शनात अशा आराखड्यांशेजारी त्यांच्यासाठी पाडलेल्या वास्तूचेही चित्र लावले पाहिजे.

शिवीचे बिरुद झाले

‘योजना कागदावरच राहिली’ असे आपण म्हणतो तेव्हा त्यात निराशा असते. सोव्हिएत संघात तर ‘कागदी वास्तुविशारद’ ही सरळ शिवी होती. कामगारांच्या उपयोगाचे काही न बांधता स्वप्ने रंगवत बसणारा, असा तिचा अर्थ. १९८० च्या दशकात मॉस्कोतल्या तरुण वास्तुविशारदांनी तीच शिवी स्वतःहून अंगावर घेतली. सरकारी कचेऱ्यांत ठरावीक साच्याच्या इमारतींपलीकडे काही करायला वाव नव्हता. म्हणून ते घरी बसून जपानमधल्या कल्पना-स्पर्धांसाठी चित्रे काढत आणि पाठवत. १९८४ मध्ये त्यांच्या कामांचे मॉस्कोत प्रदर्शन भरले ते ‘कागदी वास्तुकला’ याच नावाने.

त्यांच्यापैकी अलेक्झांडर ब्रोद्स्की आणि इल्या उत्किन यांचे एक कोरीव चित्र विशेष लक्षात राहते. त्यांनी कल्पिलेले हे नाहीशा होणाऱ्या घरांचे संग्रहालय आहे. अस्थिकलश ठेवायच्या कोनाड्यांसारखे कोनाडे भिंतभर आहेत आणि त्यांत पाडल्या गेलेल्या घरांच्या छोट्या प्रतिकृती ठेवलेल्या. न बांधलेल्या इमारतीत पाडलेल्या इमारतींना आसरा दिला आहे. भोवतालच्या शहरात जुन्या वाड्यावस्त्या भराभर पाडल्या जात असताना काढलेले हे चित्र शोकगीतासारखे वाटते.

कागद हा उमेदवारीचा काळही असतो. हाँगकाँगच्या डोंगरमाथ्यावरच्या एका क्लबसाठीची स्पर्धा वास्तुविशारद झाहा हदीद (१९५०–२०१६) यांनी १९८३ मध्ये जिंकली. डोंगर, इमारत आणि शहर यांचे तुकडे हवेत तरंगताना दाखवणारी त्यांची रंगचित्रे जगभर गाजली, क्लब मात्र झाला नाही. त्यांची पहिली गाजलेली बांधलेली इमारत, जर्मनीतल्या वाइल आम ऱ्हाइन गावचे अग्निशमन केंद्र, १९९३ ची. मधली दहा वर्षे ‘हिच्या इमारती उभ्या राहतील का’ हा प्रश्न त्यांच्या मागे होता. २००४ मध्ये वास्तुकलेतले मानाचे प्रित्झ्कर पारितोषिक मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या.

प्रदर्शने आणि पारितोषिके

न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने १९६० मध्ये कल्पक वास्तुकलेचे प्रदर्शन भरवले आणि भिंतीवर टांगलेली न बांधलेली इमारत ही स्वतंत्र कलाकृती म्हणून पाहण्याची सवय प्रेक्षकांना लागली. त्याआधीच, १९५४ पासून, एका अमेरिकी व्यावसायिक मासिकाने अजून न बांधलेल्या रचनांना वार्षिक पारितोषिके द्यायला सुरुवात केली होती. आता काही वास्तुविशारद संघटनाही अनिर्मित कामांसाठी वेगळा पुरस्कार देतात. संगणकावर हुबेहूब छायाचित्रासारखी दृश्ये झटपट तयार होऊ लागल्यापासून प्रवेशिका उदंड झाल्या आहेत. दिपवणारे दृश्य आणि विचार केलेली रचना यांत फरक करणे हे परीक्षकांचे मुख्य काम होऊन बसले आहे, आणि ते सोपे नाही. छेदचित्र मागावे, तिथे लपवाछपवी चालत नाही.

२०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स संग्रहालयातले प्रदर्शन याहून कल्पक होते. १९६४ च्या जागतिक मेळ्यासाठी केलेली संपूर्ण शहराची भलीमोठी प्रतिकृती तिथे आहे. तिच्यावर न बांधल्या गेलेल्या इमारतींच्या उजळलेल्या प्रतिकृती नेमक्या त्यांच्या जागी ठेवल्या. झालेले शहर आणि न झालेले शहर एकाच जमिनीवर दिसले.

कधी न बांधलेल्या रचनेचा गौरव प्रयोगशाळेत होतो. लिओनार्दो दा व्हिंचीने १५०२ च्या सुमारास इस्तंबूलच्या गोल्डन हॉर्न खाडीवर एकाच कमानीचा लांबलचक दगडी पूल सुचवला होता. सुलतानाने तो स्वीकारला नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी १२६ तुकडे थ्रीडी प्रिंटरवर छापून पाचशेपट लहान पूल रचला. चुना नाही, खिळा नाही. खालचा आधार काढून घेतल्यावरही तो नुसत्या दाबावर उभा राहिला. दोन्ही टोकांना पाय फाकवून उभे राहावे तसा पसरत जाणारा त्याचा आकार आडव्या हिसक्यांनाही तोंड देतो, हेही त्यांनी तपासले.

चंदिगडच्या राजधानी संकुलात उशिरा बांधले जाणे आणि कधीच न बांधले जाणे या दोन्ही शक्यता शेजारी शेजारी पाहता येतात. ल कॉर्ब्युझिएच्या आराखड्यात सचिवालय, विधानसभा आणि उच्च न्यायालय यांच्यासोबत राज्यपालांचा प्रासादही होता. लोकशाहीत राज्यपालाचे घर सत्तेच्या शिरोभागी नको, असे नेहरूंना वाटले आणि प्रासाद वगळला गेला. त्याच आराखड्यातला वाऱ्याबरोबर फिरणारा, २६ मीटर उंच ‘खुला हात’ हे शिल्पही कॉर्ब्युझिएच्या हयातीत झाले नाही. ते १९८५ मध्ये उभे राहिले, त्याच्या मृत्यूनंतर २० वर्षांनी. प्रासादाची जागा मोकळीच राहिली.