भारित धूळ (ग्रहपृष्ठालगतची)

चंद्रासारख्या हवा नसलेल्या गोलावर, जमिनीलगतच्या प्लाझ्मात वीजभार घेतलेले धुळीचे बारीक कण. प्लाझ्मा म्हणजे सुटे इलेक्ट्रॉन आणि आयन यांचा वायू; त्याला कोशांत आयनद्रायू म्हटलंय, पण बोलताना कुणी तसं म्हणत नाही, म्हणून इथंही प्लाझ्माच. बेळगावात उद्यमबागेकडं पावडर कोटिंगच्या शेडमध्ये उभं राहिलेल्याला यातलं अर्धं ठाऊकच असतंय: गनमधून भार घेऊन सुटलेली रंगाची पावडर अर्थ केलेल्या, म्हणजे वायरनं जमिनीला जोडलेल्या जॉबकडं (रंगवायच्या वस्तूकडं) ओढली जाते, समोरून मारली तरी पाइपच्या पाठीमागंसुद्धा जाऊन बसते. चंद्रावर ते गनचं काम ऊन करतं. उन्हातले अतिनील किरण जमिनीतून इलेक्ट्रॉन उडवतात, मग उजेडातली जमीन काही व्होल्ट धन होते आणि वर साधारण मीटरभर इलेक्ट्रॉनांचा थर राहतो. रात्री ऊन नाही, सौरवाऱ्यातले (सूर्याकडून वाहत येणाऱ्या भारित कणांच्या झोतातले) चपळ इलेक्ट्रॉन येऊन बसतात नि जमीन शेकडो व्होल्ट ऋण होऊ शकते.

खरा वाद धूळ किती वर उठते याचा. १९६८ च्या सुमारास चंद्रावर उतरलेल्या अमेरिकेच्या सर्व्हेयर यानांनी सूर्यास्तानंतर क्षितिजावर उजेडाची पट्टी टिपली, ती बहुधा पाच-एक मायक्रॉनच्या कणांची, मीटरभराच्या आतली. १९७२ मध्ये अपोलो १७ चे अंतराळवीर सर्नन यांनी कक्षेतून दिसलेले उजेडाचे झोत चितारले, आणि त्यावरून धूळ कित्येक किलोमीटर चढते असं मांडलं गेलं. २०१३-१४ मध्ये चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या लॅडी यानानं शोधलं तर तेवढी धूळ मिळालीच नाही, मिळाला तो उल्काकणांच्या माऱ्यानं उडालेल्या धुळीचा विरळ ढग. त्यामुळं खालची उडी मान्य करावी, वरची सध्या नको, हेच पटतं.

पण खालची उडी तरी कशी? गुरुत्व सहापट कमी असलं तरी कण एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात, आणि वरच्या थरातलं विद्युतक्षेत्र त्यांना सोडवायला पुरत नाही. २०१६ मध्ये कोलोरॅडोच्या प्रयोगशाळेतल्या कामातून उत्तर आलं ते फार सुंदर आहे: कणांमधल्या बारीक फटीत एका कणातून सुटलेले इलेक्ट्रॉन शेजारच्याच्या अंगावर बसतात, भार साचत जातो आणि शेजारी एकमेकांना ढकलून देतात.

ऑगस्ट २०२३ मध्ये चांद्रयान-३ च्या रंभा उपकरणानं दक्षिण ध्रुवाच्या बाजूला जमिनीलगतचा प्लाझ्मा मोजला; पहिल्या अंदाजानं घनमीटरला ५० लाख ते ३ कोटी इलेक्ट्रॉन, म्हणजे विरळच.

मंगळावर हवा आहे, तिथं कण एकमेकांवर घासून भार येतो, उन्हाळ्यात निपाणी-चिकोडीकडच्या माळावर उठणाऱ्या वावटळीत येतो तसाच.