गॅलरी कोणती आणि पांढरी खोली कोणती?

मेणवलीच्या घाटावर पहाटे जलरंग घेऊन बसणारी आमच्या ओळखीतली एक मुलगी मध्यंतरी आनंदानं सांगत आली, "काका, साताऱ्यात एका गॅलरीनं माझं प्रदर्शन घेतलंय." जाऊन पाहिलं. कोऱ्या पांढऱ्या भिंती, वरून सोडलेले दिवे, दोन चित्रांत हातभर जागा. पण चार दिवसांचं भाडं तिनं भरलेलं, पत्रिका तिनंच छापलेल्या, आणि हॉलवाल्याकडे चित्रं घेणाऱ्या एकाही माणसाचा नंबर नव्हता. तिला पांढरी खोली मिळाली होती, गॅलरी नाही. या घोटाळ्यात पोरांचे पैसे जातात, म्हणून हे नीट लिहावंसं वाटलं.

कमर्शियल गॅलरी हा धंदा आहे, आणि चांगला चालवला तर चित्रकाराला जगवणारा धंदा. ती मोजके चित्रकार निवडते, वर्षानुवर्षं त्यांचं काम दाखवते, संग्राहकांपर्यंत नेते आणि विक्रीतला ठरलेला वाटा घेते. तो निम्म्यापर्यंतही जातो. चित्र खपलं नाही तर जागेचा आणि कॅटलॉगचा खर्च तिच्याच अंगावर पडतो. पॅरिसचा चित्रविक्रेता पॉल द्युराँ-र्‍युएल याचं नाव इथं घ्यायलाच हवं. इम्प्रेशनिस्टांची, म्हणजे क्षणाचा उजेड मोकळ्या फटकाऱ्यांत टिपणाऱ्या चित्रकारांची, टिंगल होत होती त्या काळात तो मोने आणि पिसारो यांची चित्रं विकत घेत होता. १८७२ मध्ये एदुआर माने या चित्रकाराची तर त्यानं २३ चित्रं घेतली. ही चित्रं तो आपल्या राहत्या घरातही लावायचा, आणि दिवाणखान्याची दारं मोनेनं रंगवून दिली होती. पांढऱ्या खोलीचा पत्ता नव्हता, पण गॅलरी अस्सल होती.

पांढरी खोली, म्हणजे इंग्रजीत 'व्हाइट क्यूब', ही मांडणीची रीत. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या सलोन नावाच्या मोठ्या प्रदर्शनात चित्रं फ्रेमला फ्रेम लावून पार छतापर्यंत टांगत. शेजारच्या चित्रापासून वेगळं राहायला जाड सोनेरी फ्रेमच कामी यायची. पुढे न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये (स्थापना १९२९) तिथले पहिले संचालक आल्फ्रेड बार यांनी साध्या भिंतींवर, नजरेच्या उंचीवर, ऐसपैस अंतर ठेवून चित्रं लावली. हीच रीत जगभर रुजली. १९७६ मध्ये कलासमीक्षक ब्रायन ओ'डोहर्टी यांनी तिची चिकित्सा केली: खिडक्या बंद, उजेड छतातून, बाहेरचं जग बाहेरच; अशा खोलीत ठेवलेली कुठलीही वस्तू आपोआप पूजनीय वाटू लागते. १९९३ मध्ये लंडनला चित्रविक्रेते जे (Jay) जॉपलिंग यांनी आपल्या कमर्शियल गॅलरीचं नावच 'व्हाइट क्यूब' ठेवलं, त्यामुळे गोंधळात भर पडली.

पांढऱ्या भिंतीचा गुण मी त्या मुलीच्याच चित्रावर पाहिला. अर्ध्या इंपीरियल कागदावरचा घाट, पाण्यात वडाची सावली. घरी पिस्ता रंगाच्या भिंतीवर, कॅलेंडरशेजारी, ती सावली मळकट दिसायची. हॉलमध्ये तिच्यातला हिरवा उठून आला. जलरंगात पांढरा म्हणजे कोरा सोडलेला कागदच. पण चुन्यासारख्या भिंतीपुढे तोच कागद पिवळट वाटायला लागला, आणि काचेत घाटाच्या पायऱ्यांवर दिव्याची रेघ उमटली. भिंत देते तसं काढूनही घेते.

दोन्हींतला फरक बरीच वर्षं एकाच इमारतीत दिसायचा, मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत. १९५२ पासूनच्या या वास्तूतली मुख्य दालनं चित्रकारांना भाड्यानं मिळतात, आणि त्यासाठी लोक कित्येक वर्षं नंबर लावून थांबतात. तिथंच पहिल्या मजल्यावर १९६३ मध्ये केकू गांधी यांची केमोल्ड सुरू झाली. ती चित्रकार निवडून त्यांची पाठराखण करणारी गॅलरी; २००७ मध्ये ती तिथून दुसऱ्या जागी गेली. (आपल्या जिल्ह्यातलं औंधचं भवानी संग्रहालय या दोन्हींत बसत नाही. राजा रविवर्म्याची चित्रं आणि हेन्री मूरचं शिल्प तिथं आहे, आणि विकायला काहीच नाही. तरी चित्र काढणाऱ्यानं वर्षातून एकदा तिथं जावंच.)

भाड्याच्या हॉलला मी नावं ठेवत नाही. आपल्याकडे बहुतेकांना तोच परवडतो. फक्त गॅलरीचं काम तिथं आपल्यालाच करावं लागतं. ती मुलगी पुन्हा तोच हॉल घेणार आहे. या खेपेला दिव्यांचा कोन आदल्या संध्याकाळी बघून ठेवायचाय, आणि दाराशी वही ठेवून येणाऱ्या प्रत्येकाचा फोन नंबर आणि आवडलेलं चित्र लिहून घ्यायचंय.