टीएनटी मातीत अडकतो, आरडीएक्स विहिरीत उतरतो

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर, त्यामुळं आपल्याकडं फौजी गावोगावी, टीएनटी न आरडीएक्स ही नावं पोरासोरांना पण पाठ. पण गोळा फुटल्यावर त्या स्फोटकाचं पुढं काय होतं हे फारसं कोण सांगत नाही.

नीट फुटला तर जवळजवळ काही उरत नाही, नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड, वाफ, काजळी, बास. खरा घोळ अर्धवट फुटलेल्या नाहीतर न फुटता पडलेल्या गोळ्यांचा, कवच गंजतं आणि पावसाचं पाणी आतल्या मालाला लागतं.

टीएनटी लिटरभर पाण्यात शंभरेक मिलिग्रॅम विरघळतो, उन्हात ते पाणी गुलाबी-लालसर होतं. मातीतले जंतू त्याच्या नायट्रो गटांचे (नायट्रोजन-ऑक्सिजनचे) अमिनो गट (नायट्रोजन-हायड्रोजनचे) करतात, आणि हे तुकडे कुजलेल्या पाल्याच्या, शेणखताच्या ह्युमसला असे घट्ट बसतात की बरेचसे तिथंच राहतात. विषारी आहेच, पण लांब जात नाही.

आरडीएक्स याच्या निम्माच विरघळतो, म्हणून बरा वाटेल, तर तसं नाही! तो मातीला फारसा धरत नाही, हवा खेळती असली तर लवकर तुटतही नाही, आणि कणकुंबी-जांबोटीसारखा धो धो पाऊस असेल तर पाण्याबरोबर थेट खाली. अमेरिकेत केप कॉडच्या कॅम्प एडवर्ड्स या लष्करी तळावर असंच झालं, भूजलात आरडीएक्स सापडला आणि 1997 साली तिथला स्फोटक गोळ्यांचा सराव थांबवावा लागला. पिण्याच्या पाण्यासाठी त्यांची सल्लामर्यादा लिटरला 2 मायक्रोग्रॅम आहे, यावरून अंदाज घ्या. विहिरीचं पाणी पिणाऱ्यांनी दोघांतला हाच जास्त मनावर घ्यावा असं मला वाटतं.

ऑक्सिजन नसलेल्या चिखलात मात्र आरडीएक्स भराभर तुटतो. खानापूरच्या भातखाचरासारखी लोहाची तांबडी माती पाण्याखाली असली की तिच्यातलं लोह रूप बदलतं आणि तेही या कामाला लागतं. पण फौजेच्या आडोशाच्या धुरासाठी वापरतात त्या पांढऱ्या फॉस्फरसचं बरोबर उलटं, हवेत पेट घेतो आणि चिखलात वर्षानुवर्षं तसाच राहतो. अलास्कातल्या ईगल रिव्हर फ्लॅट्सला दलदलीतले त्याचे कण खाऊन हजारो बदकं मेली.

धुराचा दुसरा जुना प्रकार हेक्साक्लोरोइथेनचा, त्यातून झिंक (म्हणजे जस्त) क्लोराइड निघतं, त्याचा धूर फुफ्फुसाला फार वाईट. त्यातलं जस्त शेवटी मातीत बसतं.

आरडीएक्सवर उपाय निघतोय. ऱ्होडोकॉकस नावाचे काही जंतू त्यातला नायट्रोजन खाऊन जगतात, त्यांची जनुकं स्विचग्रास गवतात घालून अमेरिकेतल्या लष्करी मैदानावर चाचणी झाली, 2021 मध्ये निकाल आले, गवतानं आरडीएक्स खरंच तोडला. जस्त तोडायला मात्र कुठलंच गवत उपयोगाचं नाही, ते मूलद्रव्यच आहे.