ऑग्मेंट समनिंगवर बुल्स स्ट्रेंग्थ? स्लॉट वाया

सात रस्ता असो की जुळे सोलापूर, डन्जन्स अँड ड्रॅगन्स ३.५ किंवा पाथफाइंडर पहिल्या आवृत्तीचा (दोन्ही फाशांनी खेळायचे रोल-प्लेइंग खेळ) डाव मांडला की हा सल्ला कुणीतरी देतंच: ऑग्मेंट समनिंग ही फीट (बोलावलेल्या प्राण्याची स्ट्रेंग्थ म्हणजे ताकद आणि कॉन्स्टिट्यूशन म्हणजे काटकपणा वाढवणारं कौशल्य) घे, त्या प्राण्यावर बुल्स स्ट्रेंग्थ हा मंत्र टाक, स्ट्रेंग्थ थेट ८ ने वाढते. वाढत नाही. दोन्हींचा +४ हा एन्हान्समेंट बोनसच आहे, आणि एकाच गुणावर या प्रकारचे दोन बोनस आले की मोठा तेवढाच धरतात. कॉन्स्टिट्यूशन वाढवणाऱ्या बेअर्स एन्ड्युरन्स मंत्राचंही तेच.

साधा लांडगा घ्या: स्ट्रेंग्थ १३, कॉन्स्टिट्यूशन १५, हिट पॉइंट १३. ऑग्मेंटनंतर १७ आणि १९. हल्ल्यात २ वाढतात. चावा हा त्याचा एकमेव हल्ला, म्हणून नुकसानीत स्ट्रेंग्थचा बोनस दीडपट: १डी६+१ (सहा बाजूंचा एक फासा अधिक १) चं १डी६+४. हिट डाइस (हिट पॉइंट ठरवणारे फासे) दोन, प्रत्येकी २ वाढतात, त्यामुळे हिट पॉइंट १७. हा शेवटचा आकडा शीटवर बदलायला हमखास विसरतात!

पाचव्या लेव्हलला समन जेमतेम ५ राउंड टिकतो. त्यातला एक बुल्स स्ट्रेंग्थवर घालवणं म्हणजे निव्वळ तोटा.

वेगळ्या प्रकारचा बोनस मात्र चढतो. रेज हा मंत्र मोराल बोनस देतो, दोन्ही गुणांना +२. एसी (बचावाचा आकडा) २ ने उतरतो. मॅजिक फँगही चालतं, कारण ते हल्ल्याला लागतं, स्ट्रेंग्थला नाही. अ‍ॅनिमल ग्रोथ सगळ्यांत दमदार, साइझ बोनसने स्ट्रेंग्थ +८. पण ते फक्त अ‍ॅनिमल प्रकारच्या जीवांवर चालतं, आणि ३.५ मध्ये समन मॉन्स्टर मंत्राने येणारा फीन्डिश (सैतानी) लांडगा मॅजिकल बीस्ट ठरतो, त्याला ते लागतच नाही. समन नेचर्स अ‍ॅलीचा लांडगा बोलवा.